लॅपटॉप मध्येच गोठतो आणि मग बंद पडतो: शोध कुठून सुरू करू?

पानगळ

नमस्कार. गेले तीन आठवडे माझा लॅपटॉप मला नीट काम करू देत नाहीये आणि आता खरंच धीर सुटत चाललाय. साधारण चार वर्षं जुना आहे, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क), विंडोज ११. मी भाषांतराचं काम करते. म्हणजे दिवसभर वर्ड, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब आणि एक शब्दकोश, याहून जड काहीच चालवत नाही.

होतं असं की सगळं सुरळीत चालू असताना अचानक अडकतो. काही वेळा मिनिटभर थांबलं की परत येतो. काही वेळा येतच नाही, मग पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावा लागतो. दोनदा निळी स्क्रीन आली. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता दिवसातून दोन-तीनदा होतंय.

आतापर्यंत केलेलं: अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन, टेम्प फाइल्सची सफाई, न लागणारे प्रोग्रॅम काढले, विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासणारं एसएफसी स्कॅन केलं (काही सापडलं नाही असं म्हणाला). ज्यांना दाखवला त्यांनी पाच मिनिटांत "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या" असं सांगितलं. उघडूनही पाहिला नाही. मला ते पटत नाहीये. ३४० पानांचं हस्तलिखित अर्ध्यावर आहे. काय करू?

अर्धविराम

फॉरमॅट मारा. माझाही असाच करायचा, विंडोज नव्याने टाकल्यावर दोन वर्षं काही तक्रार नाही. विंडोज जुनं झालं की असं होतंच.

सुटेभाग

पानगळताई, बाकी सगळं नंतर. आत्ता लॅपटॉप चालू असेल तर हस्तलिखित आणि सगळं चालू काम पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आधी चालू कामाचं फोल्डर, मग बाकीचं. पूर्ण ड्राइव्ह एका दमात उचलायला जाऊ नका, कारण मध्येच अडकला तर नेमकं हवं ते राहून जाईल. ते झाल्याशिवाय एकही चाचणी करू नका. चाचण्यांनी डिस्कवर ताण येतो आणि ती आधीच आजारी असेल तर चाचणीतच जाऊ शकते. चेकडिस्कसुद्धा आत्ता नको. ते फाइल सिस्टीम दुरुस्त करायला बघतं, तुमच्या फाइल्स वाचवायला नाही.

अर्धविराम, तुमचा अनुभव खरा असणार. ड्रायव्हरची (म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) किंवा विंडोजची गडबड असेल तर फॉरमॅटने सुटते. पण इथे अजून काहीच कळलेलं नाही. हार्डवेअरचा दोष असेल तर फॉरमॅट करून चार दिवसांनी तेच होणार, आणि मधल्या काळात सगळे लॉग, म्हणजे काय-काय घडलं याच्या नोंदी, पुसले गेलेले असतील. म्हणजे शोधायला काही उरणारच नाही. म्हणून फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

कॉपी झाली की पुढच्या वेळी अडकेल तेव्हा बटण दाबायची घाई करू नका. हे बघा आणि कागदावर लिहून ठेवा:

माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? गाणं चालू असेल तर ते थांबतं, चालू राहतं, की एकच आवाज घरघरत राहतो? उघड्या असलेल्या खिडकीत टाइप होतं का? आणि त्या वेळी चार्जर लावलेला होता का?

"हँग झाला" या एका शब्दात तीन-चार वेगळे आजार बसतात. कॅप्स लॉकचा दिवाही मेला असेल तर यंत्र मुळापासून थांबलंय. दिवा चालतोय, बाण हलतोय, पण नवीन काहीच उघडत नाही, असं असेल तर प्रोसेसर जिवंत आहे आणि तो कशाची तरी वाट बघत बसलाय. फक्त चित्र गोठलंय आणि गाणं नीट चालू आहे, तर ग्राफिक्सकडे बघायचं. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते.

मध्यरात्र

माझं मत उष्णतेला. माझ्या लॅपटॉपने सहा महिने हाच त्रास दिला होता. शेवटी मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची अक्षरशः चादर बसली होती. पंखा फिरत होता, आवाजही करत होता, पण हवा बाहेर जायला वाटच नव्हती.

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फक्त "सेन्सर्स" उघडायचं आणि कमाल तापमानाचा रकाना बघायचा. लॅपटॉपच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्या जवळ पोचला की तो आपला वेग कमी करतो, म्हणजे सगळं सावकाश होतं. त्याच्याही पुढे गेला तर एका क्षणात बंद. निळी स्क्रीन नाही, इशारा नाही, दिवे गेल्यासारखा.

सफाई करायची झाली तर एकच सांगतो, दाबाची हवा मारताना पंख्याचं पातं काडीने किंवा बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. मी पहिल्यांदा ते केलं नाही आणि पंखाच बदलावा लागला.

पानगळ

सुटेभाग, मनापासून आभार. चालू कामाचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केलं. आता निदान रात्री झोप लागेल.

काल दोनदा आणि आज सकाळी एकदा अडकला. लिहून ठेवलेलं जसंच्या तसं देते.

बाण हलतो. कॅप्स लॉकचा दिवा चालतो. वर्डमध्ये टाइपही होत राहतं! पण सेव्ह केलं की वर्ड तिथेच गोठतं. स्टार्ट मेनू उघडत नाही. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान खाली-वर सरकतं, पण दुसरा टॅब उघडत नाही. पहिल्या वेळी मिनिटभराने सगळं भराभर सुटलं, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या वेळी नाही सुटलं, हळूहळू बाणही थांबला आणि निळी स्क्रीन आली. त्यावर "क्रिटिकल प्रोसेस डाइड" असं होतं आणि टक्केवारी शून्यावरच अडकून राहिली. मागच्या आठवड्यात आलेल्या निळ्या स्क्रीनचा फोटो फोनमध्ये सापडला, त्यावर "कर्नल डेटा इनपेज एरर" आहे.

आज सकाळी बंद करून लगेच चालू केला तर काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला. मी घाबरून तसाच बंद करून ठेवला. दहा मिनिटांनी चालू केला तर नेहमीसारखा सुरू.

मध्यरात्र, तापमानही बघितलं. काम करताना ६० ते ६५, जास्तीत जास्त ७८. चार्जर लावलेला असो वा नसो, दोन्ही वेळा अडकतो.

मध्यरात्र

७८ म्हणजे काहीच नाही. माझा अंदाज चुकला, उष्णता सोडून द्या.

सुटेभाग

ताई, तुम्ही फार चांगलं निरीक्षण केलंय. माझा संशय आता एसएसडीवर आहे. का, ते सांगतो.

टाइप होतं पण सेव्ह होत नाही. उघडं पान सरकतं पण नवीन टॅब उघडत नाही. म्हणजे जे आधीपासून रॅममध्ये आहे ते सगळं चालतंय, आणि ज्याला डिस्कला हात लावावा लागतो ते तिथेच थांबतंय. "कर्नल डेटा इनपेज एरर"चा अर्थही जवळपास हाच: विंडोजच्या गाभ्याला डिस्कवरून काहीतरी परत रॅममध्ये आणायचं होतं आणि ते आलं नाही. खराब रॅममुळेही हा संदेश येऊ शकतो, पण बाकीची लक्षणं डिस्ककडे बोट दाखवतात.

शून्यावर अडकलेली टक्केवारी मला जास्त महत्त्वाची वाटते. निळ्या स्क्रीनवर जी टक्केवारी चढते ती म्हणजे विंडोज त्या क्षणाची रॅममधली स्थिती डिस्कवर उतरवून ठेवत असतं, पुढे तपासता यावी म्हणून. ती शून्यावरच थांबली याचा सरळ अर्थ असा की लिहायला डिस्कच जागेवर नव्हती. त्यात लगेच चालू केल्यावर बूट डिव्हाइस न सापडणं, आणि थोडा वेळ वीज पूर्ण तोडल्यावर सापडणं.

आता इव्हेंट व्ह्यूअर बघा. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडेल, डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथे "कर्नल-पॉवर ४१" लाल रंगात बऱ्याचदा दिसेल. त्यावरून पॉवर सप्लाय खराब आहे असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात, तो चुकीचा आहे. ४१ एवढंच सांगतो की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी तो येणारच. आपल्याला हवेत ते क्रमांक ७, ५१, १२९ आणि १५३. पैकी ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला.

यात एक अडचण आहे. हे लॉगसुद्धा त्याच डिस्कवर लिहिले जातात. डिस्क गायब झाली तर तिच्या गायब होण्याची नोंद करायलाही जागा नसते. म्हणून ज्या वेळी मिनिटभराने आपोआप सुटला त्या वेळेच्या आसपास शोधा. जेव्हा पूर्ण मेला तेव्हाची नोंद बहुधा कोरी असेल.

जुनाकळफलक

सुटेभाग यांचं तर्कशास्त्र मला पटतंय, तरी रॅम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कारण खराब रॅम कुठल्याही आजाराचं सोंग घेते. एके वर्षी माझ्या संगणकावरच्या झिप फाइल्स उघडेनाशा झाल्या. मी दोन हार्ड डिस्क बदलल्या. दोष रॅमच्या एका पट्टीत होता. फाइल कॉपी होताना रॅममधून जाते, तिथे एखादा बिट उलटायचा आणि बिघडलेली फाइल मुकाट्याने डिस्कवर जाऊन बसायची. कित्येक वर्षांची छायाचित्रं अशी गेली. बॅकअपही बिघडलेल्या फाइल्सचाच झाला होता.

मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, रात्री लावून झोपा. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक आहे पण ते तितकं कसून तपासत नाही. एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास. "एवढ्या जीबीत एकच चूक" असा हिशेब इथे चालत नाही.

निळाई

मध्येच घुसते, माफ करा. माझाही लॅपटॉप हल्ली अडकतो, पण बाण अडकतो फक्त. टचपॅड क्लिकच होत नाही, कधी आपोआप क्लिक होत राहतं. बाहेरचा माउस लावला तर ठीक चालतं. आणि टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुगडुगतो, आधी असा नव्हता. ड्रायव्हर बदलून बघू का?

सुटेभाग

निळाई, ड्रायव्हर राहू द्या. लॅपटॉप आत्ता बंद करा आणि चार्जर काढा. हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

टचपॅड नीट क्लिक न होणं आणि तळ सपाट न राहणं ही बॅटरी फुगल्याची लक्षणं आहेत. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली असते. लिथियम-आयन बॅटरीच्या आत रासायनिक बिघाड होऊन वायू तयार होतो, पाकीट फुगतं आणि वरच्या-खालच्या भागांना ढकलतं. त्या अवस्थेत तिला चार्ज करणं, दाबणं, भोसकणं, झाकण जोर लावून बसवणं, यातलं काहीही केलं तर पेट घेऊ शकते. वायू सोडायला म्हणून टाचणी टोचणारे लोक असतात, ते तर कदापि नको.

बंद करून कडक, न जळणाऱ्या जागी ठेवा, गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर नको. ज्यांना बॅटरी काढण्याचा सराव आहे त्यांच्याकडूनच काढून घ्या. आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

निळाई

बंद केला. बाजूने बघितलं तर टचपॅडच्या कडेला खरोखर फट दिसतेय, नख जाईल एवढी. मी काल रात्रभर चार्जिंगला लावून झोपले होते. अंगावर काटा आला. धन्यवाद.

पानगळ

निळाई, बरं झालं विचारलंत.

माझ्याकडची प्रगती. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या झाल्या, सकाळी उठून पाहिलं तर एकही चूक नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांक अकरा वेळा आहे, सगळे गेल्या तीन आठवड्यांतले. त्याआधीच्या चार महिन्यांत एकही नाही. आणि सुटेभाग म्हणाले तसंच, जेव्हा आपोआप सुटला तेव्हाच्या वेळा तंतोतंत जुळतात. पूर्ण मेला तेव्हा मागे फक्त ४१.

पण मग मी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीची तब्येत बघितली तर हिरव्या चौकटीत "गुड, ९४ टक्के" लिहिलंय. तापमान ४६ अंश. मग एसएसडी खराब कशी?

सुटेभाग

हा प्रश्न खूप जणांना फसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते ९४ टक्के म्हणजे झीज. एसएसडीतल्या मेमरीच्या पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. त्यापैकी किती आयुष्य वापरलं गेलं याचा डिस्कने स्वतः लावलेला तो अंदाज. तुम्ही बहुतेक मजकूरच लिहिता, त्यामुळे चार वर्षांत सहा टक्केच झीज झाली, ठीकच आहे. पण एसएसडी म्हणजे केवळ पेशी नव्हेत. तिच्यावर एक कंट्रोलर असतो, म्हणजे छोटा संगणकच. त्याच्यात स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याला वीज पुरवणारे सुटे भाग असतात, आणि लॅपटॉपला जोडणाऱ्या सोनेरी पट्ट्या असतात. यातलं काहीही बिघडलं तरी झिजेचा आकडा हिरवाच राहतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा सूचना देत. खडखड आवाज, सावकाशपणा, स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या) ०५ आणि सी५ या ओळींतले वाढत जाणारे आकडे, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर. एसएसडीचं तसं नसतं. ती आज आहे आणि उद्या दिसतच नाही, असंही होतं.

फर्मवेअरमुळे काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं. क्रुशियल कंपनीची एम४ नावाची एसएसडी ५,१८४ तास चालून झाली की दर तासाला प्रतिसाद देणं थांबवायची. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या फर्मवेअरने ते सुटलं. २०१९ मध्ये एचपीई या कंपनीने आपल्या सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता की ३२,७६८ तास पूर्ण झाले की त्या कायमच्या बंद पडतील, फर्मवेअर लगेच बदला. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तासांचा मोजणारा आकडा त्याच्या डब्यात मावेनासा झाला, बस्स. पेशी उत्तम, झीज नगण्य, आणि तरी डिस्क गेली.

तुमच्या बाबतीत फर्मवेअर आहे, जोडणी आहे, की कंट्रोलरच चाललाय, हे शोधायचं. पण त्याआधी विंडोजला संशयातून पूर्ण बाहेर काढू. पेन ड्राइव्हवर लिनक्सची लाइव्ह आवृत्ती घ्या, उबुंटू चालेल. त्यावरून सुरू करा, "ट्राय" निवडा, इन्स्टॉल अजिबात नाही.

आणखी एक, हे विसरू नका. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय) आपोआप चालू असतं. बूटच्या सेटिंग्ज बदलल्या की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधीच बघा आणि कागदावर उतरवून ठेवा.

लिनक्समध्ये आधी दोन-तीन तास एसएसडीला हात न लावता नुसतं ब्राउझर वगैरे वापरा. मग "डिस्क्स" नावाचं ॲप उघडा, एसएसडी निवडा, मेनूत बेंचमार्क आहे. त्यातली लिहिण्याच्या चाचणीची खूण काढून टाका, फक्त वाचण्याची ठेवा, नमुन्यांची संख्या वाढवा आणि पुन्हा पुन्हा चालवा. एसएसडी कुलूपबंद असली तरी हे वाचन चालतं.

अर्धविराम

म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष कधीच नसतो असं म्हणायचंय का?

सुटेभाग

छे, असं अजिबात नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनमध्ये अडकली होती, हार्डवेअर सगळ्यांचं ठणठणीत. ड्रायव्हर गाभ्यात चालतो, तिथली एक चूक सगळं पाडते. एखादं अपडेट आलं त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला असेल, सेफ मोडमध्ये त्रास होत नसेल, निळ्या स्क्रीनवर दर वेळी एकाच फाइलचं नाव येत असेल, तर मी आधी ड्रायव्हरच मागे फिरवेन. कंट्रोल पॅनेलमधला रिलायबिलिटी मॉनिटर यासाठी छान आहे, कुठल्या तारखेला काय इन्स्टॉल झालं आणि काय कोसळलं हे एकाखाली एक दिसतं. बघायला कुणी जात नाही एवढंच.

पानगळ

केलं. लिनक्स मला अजिबात माहीत नव्हतं, भीत भीत केलं, पण जमलं. रिकव्हरी की आधी लिहून घेतली आणि बरं झालं, नंतर विंडोजने खरंच मागितली.

तीन तास लिनक्सवर वाचत बसले, कुठेही अडकला नाही. मग बेंचमार्क लावला. पहिल्या दोन वेळा सरळ रेष. तिसऱ्या वेळी आलेख मध्येच थांबला आणि थोड्या वेळाने यादीतून एसएसडीच नाहीशी झाली! लिनक्स मात्र चालूच होतं. टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश बघितले, तिथे लाल अक्षरांत होतं की एनव्हीएमई कंट्रोलर डाउन आहे, रीसेट करतोय. त्याखाली रीसेट जमला नाही अशी ओळ.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला कळलं की नक्की काय होतंय. डोळ्यांत पाणी आलं खरंच. म्हणजे माझी चूक नव्हती, विंडोजचीही नव्हती.

जुनाकळफलक

पानगळ, उत्तम. निदान झालं. आता एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन-तीन दिवस थांबा. चार गोष्टी एकदम केल्यात तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

सुटेभाग

+१. क्रम असा ठेवा. पहिलं, न उघडता होणारं: पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेस खाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. काही एसएसडी वीज वाचवायला झोपतात आणि नीट जाग्या होत नाहीत. दुसरं, एसएसडीचं आणि लॅपटॉपचं फर्मवेअर त्यांच्या उत्पादकांच्या साइटवरून. ते करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅकअप ताजा हवा. तिसरं, एसएसडी काढून पुन्हा बसवणं. त्याआधी लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आतल्या बॅटरीची जोडणीही काढलेली. एम.२ प्रकारची, म्हणजे तुमच्यासारखी पट्टीवजा एसएसडी तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू ढिला असेल तर ती किंचित उचललेली राहते.

पानगळ

नऊ दिवसांनी लिहितेय. लिंक स्टेट बंद केल्यावर दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी दुपारी परत १२९. एसएसडीचं फर्मवेअर ताजंच होतं. लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, अपडेट केलं, फरक नाही. मग एका ओळखीच्या तंत्रज्ञांसमोर बसून एसएसडी काढून पुन्हा बसवून घेतली. स्क्रू घट्टच होता. चार दिवस ठीक गेले, आज पुन्हा गेली.

आता एसएसडी बदलायची का? मला एकच भीती आहे, नवी आणली आणि दोष बोर्डावरच्या खोबणीत निघाला तर?

सुटेभाग

भीती रास्त आहे आणि ती दूर करता येते. एनव्हीएमई एसएसडी यूएसबीला जोडणारा डबा मिळतो, त्यात आताची एसएसडी घालून दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावा आणि तीच वाचनाची चाचणी चालवा. तिथेही गायब झाली तर दोष तिच्यात आहे, तुमच्या खोबणीचा संबंध नाही. तिथे तासन् तास व्यवस्थित चालली तर मात्र खोबणीवर संशय. तो डबा नंतर बॅकअपसाठीही कामाला येतो.

पानगळ

बहिणीच्या संगणकाला लावली. वीस मिनिटांत गायब. केबल काढून घातली, आली, पुन्हा अर्ध्या तासात गायब. मदरबोर्ड सुटला!

मध्यरात्र

वा! ज्यांनी न उघडता बोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं त्यांचं ऐकलं असतंत तर चांगला लॅपटॉप फेकून दिला असतात. एसएसडीची हमीही बघून ठेवा. सुट्या घेतलेल्या एसएसडींवर तीन किंवा पाच वर्षांची असते, पण लॅपटॉपबरोबर आलेल्यांना बहुधा लॅपटॉपचीच लागू होते.

पानगळ

लॅपटॉपबरोबरच आलेली, त्यामुळे हमी संपलेली. नवी एसएसडी बसवून घेतली, विंडोज कोरं टाकलं, फाइल्स पेन ड्राइव्हवरून परत आणल्या. चालू कामाच्या बाहेरचं एक जुनं फोल्डर राहिलं होतं, ते डब्यात लावलेल्या जुन्या एसएसडीवरून तुकड्या-तुकड्याने उचललं, गायब झाली की काढून, थांबून, पुन्हा लावून. रिकव्हरी की हाताशी होती म्हणून उघडली तरी. दोन फाइल्स सोडून सगळं मिळालं.

पानगळ

पाच आठवड्यांनी. १२९ एकदाही नाही, ४१ एकदाही नाही. मी रोज सकाळी बघते, आता सवयच लागलीय. हस्तलिखित परवा पूर्ण करून पाठवलं.

एक शेवटचा प्रश्न. जुन्या एसएसडीवर लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं आहेत. ती टाकून देण्याआधी कशी पुसू? फॉरमॅट लावला की मध्येच गायब होते.

सुटेभाग

ज्या डिस्कला पूर्ण फॉरमॅट होईपर्यंत टिकता येत नाही तिच्या पुसण्यावर भरवसा ठेवू नका. बिटलॉकर चालू होतं हे तुमच्या फायद्याचं आहे, कीशिवाय मजकूर वाचता येणार नाही. तरी दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत म्हणून मी तर तिच्यावरच्या सगळ्या काळ्या चिप्स फोडून मगच ई-कचऱ्यात देईन. डोळ्यांना चष्मा लावा, जाड फडक्यात गुंडाळून हातोडी मारा. आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातली त्या डिस्कची जुनी की काढून टाका.

निळाई

माझी बॅटरी बदलली. काढलेली बघितली, उशीसारखी झाली होती. टचपॅड पहिल्यासारखा चालतोय आणि लॅपटॉप टेबलावर सपाट बसतो.

पानगळ

निळाई, वाचून खूप हायसं वाटलं. सुटेभाग, चिप्स आज फोडल्या, चारही. की पण काढून टाकली.